टाकी गच्चीवर हाय

मामांचं बोट तोंडाच्या आधी बोलायचं. आवाज कानी पडला की ते डोळे मिटत आणि उजव्या हाताचं बोट बरोबर त्या दिशेला जाई. त्या दुष्काळी वर्षांत शहरातल्या गारखेडा भागात पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत शिरेल याचा नेम नसे. मामा चहाचा कप न सोडता बोट दाखवत, "शाळंच्या मागं" म्हणत आणि आमच्या घरमालकीण काकू बादल्या घेऊन तिकडे धावत. रिकाम्या बादल्या घेऊन त्या तेव्हा कधी परतल्या नाहीत.

मामा गंगापूरकडचे, नात्यातले नव्हेत; सगळेच त्यांना मामा म्हणत. लग्नं, जयंत्या, मिरवणुका, सगळीकडे त्यांचे लाउडस्पीकरचे कर्णे वाजलेले. आमची सहा जणांची कंपनी काकूंच्या वरच्या मजल्यावर होती. चारी बाजूंनी आणि डोक्यावरूनही येणाऱ्या आवाजाची फाइल इतकी बारीक करायची, की अडखळत्या इंटरनेटवरही आवाज मोबाइलपर्यंत न थांबता पोचावा आणि ऐकणाऱ्याला काही काढून घेतल्याचं कळू नये, हे आमचं काम. खोलीत स्पीकर टांगायला मामांना बोलावलं होतं. वायरी आम्ही इंजिनिअरांनी जोडल्या. मामा मधल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मागचे दोन अदलाबदल झालेत, साहेब." त्या दिवसापासून ती खुर्ची त्यांचीच झाली. हेडफोनवर त्यांना मूळ आवाज ऐकवायचा, आमचा बारीक केलेला ऐकवायचा, कुठला कोणता ते सांगायचं नाही आणि नुसतं बोट बघायचं.

फाइलमध्ये सगळ्या आवाजांना सारखी जागा देता येत नाही, हे मी त्यांना एकदा मोठ्या तोऱ्यात समजावत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग टँकरच्या पाण्यावानी करा की. प्यायला आधी, भांड्याला मंग, गाडी धुवायला नाय. कान जिथं लागतो तिथं जास्ती द्या." पुढचे दोन महिने आम्ही तेच केलं, फक्त त्याला एक इंग्रजी नाव दिलं.

मग आम्ही हुशारी केली. वरून येणारे आवाज कोण एवढं लक्ष देऊन ऐकतं, असं ठरवून ते जवळजवळ काढूनच टाकले. फाइल निम्मी झाली आणि आमच्या कंपनीचे सर पेढे घेऊन आले. मी काकूंच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतानाचा, खालच्या आमच्या खोलीत टिपलेला आवाज मामांना लावला. बोट वर जायला निघालं, अर्ध्यात थांबलं आणि समोर, छातीच्या उंचीवर येऊन स्थिरावलं. "पोरी, टाकी खाली कामून उतरवली? गच्चीवरची टाकी हाय ती." पेढे तसेच राहिले. सगळं पुन्हा करायला बसलो.

पुढच्या वर्षी बोट चुकायला लागलं. डावीकडचा आवाज त्यांना समोर वाटे, कधी चक्क उजवीकडे. संगणकावरचे आलेख म्हणत होते, सगळं ठीक आहे. आम्ही आलेखांना खोटं ठरवलं आणि पंधरा दिवस प्रोग्रामातली चूक शोधली. डावीकडचा भाग मी तीनदा नव्याने लिहिला. मामांचं बोट चुकेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

एका दुपारी खरा टँकर आला. मामांचं बोट उजवीकडे गेलं, काकू बादल्या घेऊन उजवीकडे धावल्या आणि टँकर डावीकडच्या गल्लीतून रिकामा होऊन निघून गेला. मामा डाव्या कानाला हात लावून म्हणाले, "तुमचं काम बराबर हाय. ह्यो कान गेला. महिना झाला, मला समजत व्हतं. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. सरांनी त्यांना हेडफोन दिला आणि तीच टाकी लावली. मामांनी डोळे मिटले. बोट सरळ वर गेलं, छताकडे.

"गच्चीवर हाय," ते म्हणाले आणि स्वतःच चकित होऊन हसले. डावं-उजवं कळायला दोन कान लागतात, पण वरचं-खालचं कानाच्या पाळीच्या घड्यांतून कळतं आणि त्याला एक कानही पुरतो, हे सरांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. मामांनी तिथल्या तिथे वाटणी केली, "डावं-उजवं तुमचं, वरचं माझं." हातातली पिशवी त्यांनी परत खुंटीला लावली. टँकरची गल्ली सांगणारं आता कुणी नाही, ही काकूंची चिडचिड तेवढी राहिली.

नंतर शहर फुगलं, काकूंच्या घराची सहा मजली इमारत झाली आणि आम्ही काचेच्या ऑफिसात गेलो. मामा गंगापूरला परतले. तरी नवीन काम बाहेर सोडण्याआधी मी त्यांना टाकीचा आवाज पाठवायचे आणि मोबाइलवर त्यांचं उत्तर यायचं, "टाकी गच्चीवर हाय. जाऊ द्या."

आता मामा नाहीत. काम संपलं की मी हेडफोन लावते, त्यातला डावीकडचा आवाज बंद करते, डोळे मिटते आणि पाणी ऐकते. माझं बोट वर गेलं, तरच काम पाठवते.