पंचनाम्यातली स्वच्छ बाटली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. जामखेड भागातल्या एका गावच्या विहिरीचा गुन्हा मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. कारण त्यात सगळ्यात मोठी चूक माझ्या ठाण्याची होती, म्हणजे माझीच.

एप्रिलचे दिवस होते. दोन दिवस अवकाळी पाऊस धो-धो कोसळून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी गावच्या विहिरीजवळच्या हौदावर पाणी प्यायलेल्या नऊ शेळ्या तासा-दोन तासांत मेल्या. हौदात पाणी त्याच विहिरीचं आणि माणसंही तेच पीत होती. गाव खवळलं. मी हवालदाराला पाठवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, पंचनामा झाला, पाण्याचा नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेला गेला. सगळं नियमाप्रमाणे.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणारा नाव सांगायला तयार नव्हता. "साहेब, हिरीशेजारच्याला उचला. भर ग्रामसभेत बोलला हुता, 'हे पानी एक दिस तुमाला बाधंल, तवा माझी आठवन येईल.' लई माजलाय त्यो."

खातरजमा केली. ग्रामसभेला हजर असलेल्या चार-पाच जणांनी तेच वाक्य सांगितलं. त्याच्या छपरात पिकावर फवारायच्या औषधाचे डबे सापडले. अहो, कुठल्या शेतकऱ्याच्या छपरात ते नसतात? पण तेव्हा मला तो पुरावा वाटला. जबाब घेऊन त्याला सोडलं. काही आठवड्यांनी अहवाल आला. पाण्यात कीटकनाशक होतं आणि तेही त्याच्याच डब्यातलं. मी त्याला अटक केली.

पन्नाशीचा माणूस, बोलणं तुटक. मी समोर बसवलं.

"ग्रामसभेत काय बोललास?"

"बोललो ते खरं हाय. हिरीच्या कडंला समद्यांचे उकिरडे हायेत. खताच्या गोन्या तितंच धुत्यात. म्हनलं, हलवा, न्हाई तर पानी बाधंल."

"पाण्यात तुझंच औषध निघालंय."

"मी टाकलं न्हाई. मग म्या काय सांगू?"

दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं. उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. हा दर वेळी तेवढंच सांगत होता. ते माझ्या लक्षात येत होतं, पण हातात सरकारी कागद होता ना! त्याची बायको रोज एसटीनं डबा घेऊन यायची. गावातला गिरणीवाला तिचं दळण घेत नव्हता, म्हणून ती शेजारच्या गावाहून पीठ आणायची. हे तिनं ठाणे अंमलदाराला सांगितलं, मला नाही.

कोठडी संपायच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका आल्या. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावचं पाणी तपासत फिरायच्या. म्हणाल्या, "त्या विहिरीचं पाणी मी तपासलं. औषध सापडलं नाही. नायट्रेट मात्र हद्दीबाहेर आहे. खत आणि शेणातून उतरतं ते. औषध विरलं असं समजून गावानं बंद ठेवलेली विहीर पुन्हा सुरू केलीय. तान्ह्या बाळांना ते पाणी पाजलं, तर बाळ निळं पडतं."

मी उखडलो. "मॅडम, सरकारी अहवाल आहे माझ्याकडे. एवढ्या दिवसांत औषध विरलं असेल."

"असेलही," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच दोन गोष्टी विचारते. मेलेल्या शेळ्यांचं रक्त कसं होतं? आणि नमुना कुठल्या बाटलीत घेतला?"

फाईल काढली. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, रक्त तपकिरी, चॉकलेटसारखं. मी ती ओळ वाचली होती आणि सोडून दिली होती. बाई म्हणाल्या, नायट्रेटनं रक्ताचा रंग असाच होतो, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना ते मोठ्या माणसांआधी मारतं. आणि पंचनाम्यात होतं, 'स्वच्छ व कोरड्या बाटलीत'. हे आमचं ठरलेलं वाक्य. दारू असो, रक्त असो, पाणी असो, हात आपोआप तेच लिहितो.

हवालदाराला बोलावलं. "बाटली कुठली होती?"

तो गडबडला. "साहेब, जाग्यावर कुटली बाटली मिळनार? ह्या आरोपीनंच घरातून आनून दिली. इसळून दिली हुती की!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या गावात पोलिसांना मदत करायला तोच एकटा पुढं आला होता.

त्याच्या घरी फवारणीच्या औषधाच्या तसल्याच जुन्या बाटल्या फळीवर ओळीनं होत्या, कशात रॉकेल, कशात तेल, काही रिकाम्या. रिकाम्यांतली एक पंचांसमोर घेतली, विसळली, स्वच्छ पाणी भरलं आणि तातडीचं पत्र जोडून प्रयोगशाळेला पाठवली. सोबत नव्या बाटलीत विहिरीचं पाणी. पहिल्या बाटलीत औषध निघालं. दुसरीत फक्त नायट्रेट. गुन्हेगार कुणी नव्हता, किंवा उकिरडा असलेलं प्रत्येक घर होतं. मी कोर्टात चूक लेखी कबूल केली. तोवर त्यानं अठरा दिवस आत काढले होते. त्या दिवसांची मला आजही लाज वाटते.

गावच्या शाळेत सभा घेतली. बाईंनी मुलांच्या हातात तपासणीच्या पट्ट्या दिल्या, रंग बदलताना दाखवला. म्हणाल्या, "हवामान बदलतंय. आता महिनोन्‌महिने पाऊस नसतो आणि आला की एकदम कोसळतो. आटलेल्या विहिरीत सगळी घाण एका दमात उतरते. उकिरडे हलवा." गाव माना डोलवत होतं. मग मी उठलो आणि सांगितलं, "हेच हा माणूस ग्रामसभेत सांगत होता. तुम्ही ऐकलं नाही आणि मी त्याला आत टाकलं."

मी त्याच्याकडे वळलो. पहिल्यांदाच तोंडातून 'तुम्ही' आलं. "बाटली तुम्ही दिली होती, हे कोठडीत का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाई, साहेब. तुमी इचारत हुता, औषध कुनी टाकलं."

तीस वर्षांच्या नोकरीत मला वाटायचं, उत्तर कसं काढायचं हे मला कळतं. त्या दिवशी कळलं, मी प्रश्नच चुकीचा धरून बसलो होतो. आणि कागदावरचं ठरलेलं वाक्य साक्षीदाराइतकंच तपासावं लागतं.

आता निवृत्त होऊन मी कोल्हारला, नदीकाठच्या घरी असतो. बाईंबरोबर शाळांतून जातो, नमुना कसा घ्यावा ते शिकवतो. नवी बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. दर अवकाळीनंतर तो विहिरीशेजारचा माणूस तिचं पाणी घेऊन येतो. मला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. बाटलीवर चिठ्ठी असते, मोठ्या अक्षरांत, तारीख आणि गाव लिहिलेली. खाली दर वेळी एक ओळ असते, 'बाटली कुठली, ते विचारून घ्यावे.'

मी दर वेळी विचारतो.