सोमशेखर ब्रदर आणि मण्यार चावलेली पोर

सात रस्त्याजवळच्या एका मुलांच्या दवाखान्यात मी शिकाऊ डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा तिथल्या अतिदक्षता विभागात सोमशेखर ब्रदरांना नर्स म्हणून बावीस वर्षं झाली होती. मूळचे सीमेवरच्या दुधनीचे. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडवर घसरायचे आणि वॉर्डातल्या प्रत्येक लहान पोरीला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायचे. दुपारी त्यांच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांत वाटली जायची. त्या चटणीची चव अजून जिभेवर आहे.

त्या साली सांगोल्याकडची ऋतुजा आली. चार वर्षांची. मेंढ्यांच्या वाड्यावर झोपेत मण्यार चावलेली. विषानं श्वासच थांबत चाललेला, म्हणून घशात नळी घालून पाच दिवस मशीनवर ठेवली. सहाव्या दिवशी सकाळी ती हातपाय हलवू लागली, डोळे उघडून बघू लागली. नळी काढायचं ठरलं. घशाला सूज येऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून इंजेक्शनं चालू होती. विभागाचे मोठे सर थांबले, नळी नीट निघाल्यावरच बाहेर गेले.

अर्ध्या तासात पोर रडायला लागली आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येऊ लागला. छातीचा खळगा आत ओढला जात होता. मी घाबरले. सरांना फोन लावला, ते गाडीत होते, लगेच मागे फिरले. परत नळी घालावी म्हणून मी साहित्याकडे धावले.

"मॅडम, नळी तयार ठेवा," ब्रदर म्हणाले. "अर्धा नंबर लहान घ्या, आत सूज आहे. पण ऑक्सिजन अजून चांगलाय, पोर शुद्धीवर आहे. आधी सूज उतरायला ऍड्रेनॅलिनची वाफ देऊन बघू की."

फोनवर सरही तेच म्हणाले. मी औषध भरलं. पण मास्क जवळ नेला की ऋतुजा आणखी किंचाळायची, आणि किंचाळली की आवाज दुप्पट व्हायचा.

ब्रदर दाराशी गेले. तेव्हा मुलांच्या आयांना आत येऊ देत नसत. बाहेर बाकावर मायाक्का बसली होती, ऋतुजाची आई. तिला त्यांनी हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि आत आणलं.

"आत यायला मनाई हाय म्हनं?" ती दबकत म्हणाली.

"मी सांगतो सरांना. तुम्ही हिला मांडीवर घ्या."

"निजवू का?"

"नको. बसती ठेवा."

"व्हय, कोकराचा घसा धरला तर आमी बी आडवं ठेवत न्हाय," मायाक्का म्हणाली आणि पोरीची पाठ छातीशी लावून बसली. मग मास्क स्वतःच्या हातात घेतला. ऋतुजा हुंदके देत आईचा अंगठा धरून राहिली. कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं. ब्रदर गुडघ्यावर बसून फक्त तिच्या छातीकडे बघत होते.

वीसेक मिनिटांत आवाज उतरला. सर आले, आईला आत बघून एक क्षण थांबले आणि तिच्या मांडीवरच पोरीला तपासू लागले. मला वाटलं, संपलं. मी हसून तसं म्हणालेही.

"औषध उतरलं की परत वाजंल," ब्रदर म्हणाले आणि जेवायला न जाता तिथंच बसले.

दोन तासांनी खरंच आवाज परत आला, पण पहिल्याइतका नाही. सरांनी दुसऱ्यांदा वाफ द्यायला लावली. त्यानंतर तो हळूहळू विरत गेला. नळी पुन्हा घालावी लागली नाही. नळी काढल्यावर पाचव्या दिवशी ऋतुजा आईच्या कडेवर घरी गेली.

आता माझा स्वतःचा वॉर्ड आहे. नळी काढताना पोराची आई शेजारीच असते.

गेल्या महिन्यात दुधनीला ब्रदरांकडे गेले होते. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली. मी विचारलं, "ऋतुजा आठवते?" त्यांना नाव आठवेना. "मण्यार चावलेली," म्हटल्यावर चेहरा उजळला.

"ती व्हय! चालते-बोलते ना?"

"बारावीला आहे. मायाक्कांचा फोन येतो अधूनमधून."

 त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली, "रुक्मिणी, मॅडमना जेवल्याशिवाय सोडू नको गं."