सुई उठली नाही तो दिवस

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विमानाभोवती फेरी मारत होते. उड्डाणाआधी पंख, चाकं, तेल, इंधन तपासत मारतात ती. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, अण्णांचा. "ताई गेली गं... सकाळी चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी फोन खिशात घातला आणि पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू केली. सोबतची विद्यार्थिनी गोंधळून म्हणाली, "मॅडम, हे आत्ताच बघून झालं." झालं होतं, पण मला उभं राहवत नव्हतं. त्या दिवशी मी उडाले नाही. महिना उलटला, तरी हातांना अजून चैन नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी कन्नडजवळच्या पिशोर गावची. वडील लवकर गेले. घरात शब्द चालायचा तो तात्यांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा. विमान शिकायचं माझं खूळ ऐकून ते म्हणाले, "वरीसभर बघू. नाय जमलं तर घरी." मी शहरात, मुकुंदवाडीत खोली घेतली आणि तेव्हाच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात जायला लागले. क्लब आता बंद पडलाय. तिथं शिकवायला उषाताई. त्याच शहरातल्या, गुलमंडीतल्या जुन्या कारकुनी घरातल्या. लग्न केलं नाही, आणि एका जागी बसणं त्यांना माहीतच नव्हतं. शिकवताना फळा ते खिडकी अशा येरझारा चालायच्या. वाक्य अर्धं सोडून पुढच्या वाक्याला हात घालायच्या, आणि सारखं, "चल, चल, उन्हं वर यायला लागली."

पण समजावून सांगायच्या ते असं, की विसरणं अवघड. "गावाकडून परतताना कन्नडहून एसटीनं येतेस ना? खिडकीबाहेर तळहात धर. गाडी पळायला लागली की वारा हात मागं ढकलतो. पंखाखालच्या या नळीतही तेच होतं. समोरची हवा आत घुसते, दाबते. जितका दाब जास्त, तितकी वेगाची सुई वर." एकदा त्यांनी मला ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि खुर्ची फिरवली. थोड्या वेळानं मी म्हणाले, "आता उलटी फिरतेय." डोळे उघडले तर खुर्ची केव्हाची थांबलेली! त्या खळखळून हसल्या. मग एकदम गंभीर होत म्हणाल्या, "ढगात शिरलीस की हेच होणार. अंगाला वाटतं ते खरं नसतं. काट्यांकडं बघायचं."

मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार होते त्या दिवशी पिशोरहून जीप आली. आई, काकू आणि पुढच्या सीटवर पांढऱ्या टोपीत तात्या. सकाळी ताईंनी मला सोबत घेऊन चार चकरा मारल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "आता तू एकटी." तेवढ्यात वाऱ्यानं दिशा बदलली, थांबायचा निरोप आला. विमान उभं असलं की त्या नळीवर लाल कापडी टोपी चढवायची असते. मी ती घालायला निघाले, तर ताई म्हणाल्या, "असू दे गं, आत्ता निघायचंय. काढ-घाल कशाला?" वारा मात्र बराच वेळ स्थिर होईना. ताई येरझारा घालत होत्या, तात्या त्यांच्याकडं बघत होते.

शेवटी निघाले. नळीचं तोंड बाहेरून स्वच्छ दिसलं. धावपट्टीवर इंजिनाला पूर्ण जोर दिला. कडेचं गवत मागं पळायला लागलं, सीट थरथरायला लागली. अंग म्हणत होतं, उचल आता. वेगाची सुई तळाशी पडून होती. मेलेली. मी जोर काढला, ब्रेक दाबले आणि धावपट्टीच्या मध्यावर थांबले.

विमान परत आणून उतरले, तर सगळ्यांच्या पुढं ताई पळत आलेल्या. मागून तात्या. "भ्याली व्हय गं? आसं व्हतं. चल घरी, लई झालं." मेकॅनिकनं बारीक तार घालून नळीतून ओल्या मातीचा गोळा काढला. तेवढ्या वेळात कुंभारमाशीनं आत घर बांधायला घेतलं होतं. ताईंनी तो गोळा तळहातावर घेतला. त्या बाईंना स्थिर उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तात्या, पोरगी भ्यालेली नाही. अशीच वर गेली असती तर वेग कळलाच नसता. तिनं ओळखलं आणि थांबली. नळी झाकायला ती निघाली होती, मी नको म्हणाले. चूक माझी आहे."

"तुमी मास्तरीण, आन् तुमीच घाई केली?"

"हो."

"मंग हिला तुमच्या भरवशावर कशी ठिवू?"

"माझ्या नका ठेवू," त्या म्हणाल्या. "तिच्या स्वतःच्या ठेवा."

तात्यांनी मला घरी नेलं नाही. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "बाई खरं बोलली." क्लबच्या प्रमुखांना ताईंनी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं, कुणी विचारलंही नव्हतं. काही महिने त्यांचं शिकवणं बंद झालं. ते दिवस त्यांना फार जड गेले. माझं पहिलं एकटीचं उड्डाण दुसऱ्या शिक्षकांच्या हाताखाली झालं, तेव्हा त्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या. मी धावत गेले, तर म्हणाल्या, "तिसऱ्या वळणावर उंची घालवलीस," आणि पाठ फिरवून चालायला लागल्या. पुढं त्या परत शिकवायला आल्या. धांदल काही गेली नाही. फक्त विमानाजवळ पोचल्या की पाय आपोआप मंदावायचे.

नंतर हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरी तपासणीत उडायची परवानगी गेली. गुलमंडीच्या घरात त्या गच्चीवर फेऱ्या मारायच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी भंगारात निघालेल्या विमानाचा उंचीमापक लावला होता. त्याच्या पोटात हवाबंद डबी असते. बाहेरची हवा हलकी झाली की ती फुगते आणि काटा वर सरकतो. काट्याला आपण वर गेलो की नुसतं आभाळ भरून आलं, ते कळत नाही. रोज सकाळी ताई काचेवर नख वाजवून सांगायच्या, "अण्णा, आज घर शंभर फूट वर गेलंय." अण्णा पेपरमधून मान वर काढायचे नाहीत.

परवा भेटायला गेले. बाहेर ढगाळ होतं. अण्णांनी चहा टाकला, मग काचेपाशी जाऊन नख वाजवलं. काटा जरा सरकला.

"हे वर म्हणजे हवा हलकी ना?"

"हो."

"म्हणजे घर वर गेलंय."

"गेलंय, अण्णा." त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हणाले, "हे बटण फिरवलं की काटा खाली येतो. आणू?"

अण्णांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"नको... हवा पालटली की उतरेल आपला आपण."