तिसऱ्या मजल्यावरची सासू

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीवरची एक खाष्ट सासू राहते. पन्नाशीची, वाक्य संपायच्या आधीच हसणारी. मालिकेत रोज सुनेला उपाशी ठेवते आणि रविवारी आम्हा शेजाऱ्यांना बळेबळे पोहे खाऊ घालते. लहानपणी बालनाट्यात तिनं जत्रेत हरवलेल्या मुलीचं काम केलं. तेव्हा तोंडाला रंग लागला तो लागलाच. "फ्रॉकमधून परकरात, परकरातून साडीत. मध्ये सुट्टीच नाही हो!" असं ती सांगते.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र तिच्याशी बोलणं टाकलं होतं. परवा मी आणि ते लिफ्टमध्ये होतो. ती आत येताना दिसली तसे आजोबा बाहेर पडले. "सुनेला छळणाऱ्यांबरोबर आम्ही जात नसतो," म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिन्याकडे निघाले.

तिनं हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. खालचा ओठ बाहेर आला, खांदे आखडले, आणि सहा वर्षांच्या आवाजात ती रडू लागली, "आजोबा, मी हरवलेय. मला घरी न्या ना!"

आजोबा थबकले. ते नाटक त्यांनी आपल्या मुलांना घेऊन पाहिलं होतं. डोळे पुसत ते परत आले आणि तिची पिशवी त्यांनीच उचलली. "चल बाळ, रडू नकोस."

त्यांच्या पाठीआडून तिनं मला डोळा मारला.

आता आजोबा सोसायटीभर सांगत असतात, "पोर गुणाची आहे हो. ती सूनच आगाऊ!"