गिरणीसमोरची दहा मिनिटं

न तपासता निदान सांगणाऱ्या माणसाचा मला लई राग येतो. जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेला माझा. पोट दुखतंय म्हणून आलेल्याच्या पोटाला हातही न लावता गोळ्या लिहिणारे डॉक्टर मी बघितलेत, आणि त्यांना तोंडावर बोलूनही दाखवलंय. म्हणून लातूरच्या त्या गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं, हवेचा एक पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि काळं तेलकट बोट माझ्यापुढं धरून "टर्बो गेला मॅडम, गाडी विकून टाका" म्हणला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"एका बोटात कळलं तुम्हाला?" मी म्हणले.

"हवेच्या पाइपात तेल म्हणजे टर्बोच. दुसरं काय असतंय?"

त्या दिवशी मी नांदेडहून रेणापूरला निघाले होते, थोरल्या बहिणीकडं. चाकूर सोडलं आणि गाडी ओढेना. चढावर धाप लागल्यासारखी करायली, मागं निळा धूर. म्हणून रेणापूर सोडून तशीच लातूरला नेली, तर तिथं हे निदान.

गाडी आमच्या ह्यांची. हे गेले त्याला वर्ष होत आलं. मी रिटायर झाल्यावर ह्यांनीच मला मैदानावर नेऊन गाडी शिकवली. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला की म्हणायचे, "हळू, इंजेक्शन द्यायचं न्हाई तिला." पोरगा पुण्यात असतो. बाप गेल्यापासून त्याचं एकच चाललंय: आई, गाडी विक, घराला कुलूप लाव आणि इकडं ये. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! शेवटी वैतागून मीच बोलून बसले, "गाडी धड चालते तोवर मी नांदेड सोडणार न्हाई. ती बंद पडली की येते, जा." त्यानं तो शब्द धरून ठेवला. दर फोनवर आधी गाडीची चौकशी, मग माझी.

मला पुण्याला जायचं नव्हतं. सून वाईट आहे असं अजिबात नाही. पण तिथं माझ्याशी बोलायला कोणाला वेळ नाही, आणि इथं निदान मी गाडीत बोलते. खोटं कशाला सांगू, नांदेड ते रेणापूर मी शेजारच्या रिकाम्या सीटशी बोलत जाते. हे असतानाही मीच बोलायची, हे नुसतं हूं करायचे. आता हूं येत नाही, एवढाच फरक. तसं बघितलं तर तो लई मोठा फरक आहे.

विकायचं नाव न काढता मी गाडी हळूहळू परत नांदेडला आणली. लोह्याच्या पुढं तर सायकलवाले पुढं जायले. बहिणीला फोन करून सांगितलं, येत न्हाई. ती म्हणली, "अगं, मी भाकरी टाकून बसलेय की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, बाहेर दोन बाजा. कधीकाळी हाताला टाके घालायला माझ्याकडं आलेला माणूस, म्हणून अजून सिस्टर म्हणतो. मी त्याला आधीच बजावलं, "टर्बो गेला म्हणून सुरुवात करायची न्हाई. आधी तपासा."

"आधी बघतो सिस्टर, मंग बोलतो," तो म्हणला. मला बरं वाटलं.

त्यानं पहिल्यांदा एअर फिल्टर काढला. कोरडा. डब्यात हात घातला, तोही कोरडा. मग पुढचा पाइप सोडवला आणि मला टॉर्च धरायला लावली. त्या जाड पाइपाला मधेच एक बारका पाइप येऊन मिळत होता. तिथपर्यंत आतून सगळं स्वच्छ, आणि तिथून पुढं काळं, ओलं. "हे बघा, इथनं सुरू हाय," तो म्हणला. इंजिनात तेलाची वाफ होते, ती ह्या बारक्या पाइपानं बाहेर येऊन हवेबरोबर परत आत जाते, असं त्यानं समजावलं. मग टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, चकतीला बोट लावून हलवून बघितलं. चकती जागची हलेना, नुसती गरगर फिरली. "टर्बो साबूत हाय. ह्या गरिबाची काही खता न्हाई." म्हणजे लातूरच्या त्या शहाण्यानं चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरवली होती.

मग मिस्त्रीनं ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या केवढं तरी वर चढलेलं.

"सिस्टर, इतकं तेल कोण ओतलं? जादाचं तेच त्या बारक्या पाइपानं हवेत गेलंय."

"मीच," मी म्हणले, आणि जरा तोऱ्यातच म्हणले. हे दर रविवारी सकाळी ऑइल बघायचे. ह्यांची बाकीची कामं हळूहळू सुटली, मोगऱ्याला पाणीसुद्धा कधीमधी राहतं, पण हे एक काम मी सोडलं नव्हतं. रविवारी बाजार करून यायचं, गाडी दारातल्या उतारावर चढवायची, बोनेट उघडून पट्टी बघायची, आणि कमी दिसलं की पेल्यानं ओतायचं. दर वेळी कमीच दिसायचं. मला वाटायचं, हे वरून बघत असतील तर म्हणतील, बाई बरी सांभाळून राहिली.

"दारात उतारावर बघता? आन् लगेच?" मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "आवो, चालून आल्यावर तेल इंजिनात वर चढलेलं असतंय, पट्टीला कमीच लागतंय. गाडी तिरपी, पट्टी खोटं बोलणारच. सपाट जागंवर उभी करायची, इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं. सगळं तेल खाली उतरलं, मंग बघायचं."

अगं माय गं.

कारण हे दर रविवारी गाडी दारातून काढून कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीसमोर नेऊन लावायचे. अख्ख्या गल्लीत सपाट जागा तेवढीच. आणि तिथं नुसते उभे राहायचे. मला वाटायचं तंबाखू मळायला जातात. मी तंबाखू बंद केलेली ना! फाटकातून ओरडायची मी. आधी, "आधण आलं हो!" मग, "चहा गाळलाय!" मग, "थंड होऊन राहिला, तिकडंच मुक्काम हाय का?" तेव्हा कुठं बोनेट उघडायचे, पट्टी बघायचे आणि हात पुसत यायचे. "ऑइल बरोबर हाय," म्हणायचे. "डोकं बरोबर हाय का ते बघा," मी म्हणायची. कित्येक वर्षं हे असंच. एकदाही विचारलं नाही की तिथं काय करता.

मिस्त्रीनं जादाचं तेल खालून काढलं. पाइप सोडवले, समोरचा इंटरकूलर काढला. तो तिरपा केला तर आतून वाटीभर तेल आलं. हवा थंड करायच्या डब्यात तेल! मी पदर खोचला आणि पाइप डिझेलनं धुवायला बसले. तो नको नको म्हणत होता, पण मी त्याला म्हणले, जखमा धुण्यात हयात गेली माझी, हे काय अवघड हाय. एकेक पाइप आत चिंधी घालून पुसला, वाळला की परत पुसला. इंटरकूलर त्यानं दोनदा धुऊन बाजेवर उन्हात उभा केला. म्हणला, थेंबभर राहिलं तरी चालतंय, पण पेलाभर राहिलं तर इंजिन तेच पिऊन सुसाट सुटतं, चावी काढली तरी बंद होत न्हाई. म्हणून उद्यापर्यंत वाळू द्यायचा. दुपारी त्यानं डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. किती दिवसांनी कोणाच्या तरी समोर बसून जेवले मी. मिरची तिखट हाय म्हणून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली. धूर नाही, धाप नाही. पोराला फोन केला, "गाडी धड चालतीय." तो "बरं आई" म्हणला. जिंकले मी. जिंकून घरी आले आणि कुलूप काढलं.

पुढच्या रविवारी गाडी काढली आणि गिरणीसमोर लावली. इंजिन बंद केलं. गिरणीवाला पिठाचे हात झटकत बाहेर आला. म्हणला, "साहेब हितंच लावायचे."

"तंबाखू मळायचे ना?" मी विचारलं.

"न्हाई ओ. नुसते उभे राहायचे, तुमच्या घराकडं कान देऊन. एकदा मी म्हणलं, साहेब, घड्याळ न्हाई का? तर म्हणले, घड्याळ कशाला पायजे? घरून तिसरी हाक आली की बरोबर दहा मिनिटं होत्यात."

तो आत गेला. पट्टा सुरू झाला, कोणाचं तरी ज्वारीचं दळण पडायलं. मी बोनेटला टेकून उभी राहिले. घराकडं बघितलं. फाटक उघडंच ठेवून आले होते. मग पर्समधून मोबाइल काढला आणि किती मिनिटं झाली ते बघितलं.