दुभाष्यांच्या हातात नारळ

बायको बहिरी होती, त्यामुळं चाळीस वर्षं आमच्या घरात दोन माणसांचं खोटं मी एकटाच बोललो.

तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हातांनी मात्र ती सबंध पाड्याला पुरून उरायची. तिचे हात मला कळायचे, घराबाहेरच्या बोलत्या जगाला कळायचे नाहीत. म्हणून मी तिचा दुभाषी. ती शेजाऱ्याला हातवारे करायची, "माझं पातेलं नेऊन वर्ष झालं, लाज वाटत नाही का?" आणि मी सांगायचो, "ती विचारते, पोरं बरी आहेत ना?" शेजारी म्हणायचा, "वहिनी लाख माणूस!" पातेलं काही परत आलं नाही. पण भांडणही झालं नाही. (मला भांडणाची भीती. चौथी शिकलेला माणूस याहून जास्त काय करणार!)

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गंगी, माझी बायको, वारली.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं नीट हसता येईल. गणपती गेल्यावर तिला मी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पोटात कधीपासून दुखतंय?" गंगी तिथल्या तिथं वाकली आणि फरशीत बोटं खोचत खोचत मागं सरकली. म्हणजे, नागलीची रोपं लावली तेव्हापासून. दोन महिने उलटून गेलेले! तेवढे दिवस मी तिला घरी ठेवलं, हे डॉक्टरांना कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, "चार दिवस झाले, साहेब." त्यांनी चार दिवसांच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

आमची लेक सुमन तेव्हा नाशिकला होती. तिला हे माहीत नव्हतं. माहीत होऊ नये, एवढंच माझं पुढच्या सगळ्या भानगडीतलं काम होतं.

सुमन शिकून बहिऱ्यांच्या खुणांची दुभाषीच झाली, खरी, सर्टिफिकेटवाली. आई गेल्यावर तिनं मनात घेतलं, की जव्हारला दुभाष्यांची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची. विषय, दवाखान्यात दुभाष्यानं कसं काम करावं.

"दुभाषी म्हणजे आधीच शिकलेले ना?" मी विचारलं.

"हो."

"मग परत काय शिकवतेस? पहिलं वाया गेलं का?"

"बा, तू दर साली शेत नांगरतोस ना? मागच्या साली नांगरलेलं वाया जातं का?" मग म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात एक दुभाषी असता, तर आई आज असती."

मी बैलाला पाणी दाखवायला गेलो. (बैल तहानलेला नव्हता.)

समाजमंदिर, जेवण, खुर्च्या माझ्याकडं आल्या. सुमननं बजावलं होतं. खुर्च्या अर्धगोल मांड. बोलणाऱ्याच्या पाठीशी खिडकी नको, हात काळे दिसतात. आणि भोंगा नको. मी सगळं मन लावून ऐकलं आणि भोंगा आणला! बिनभोंग्याचा कार्यक्रम म्हणजे मयताला बसल्यासारखं. त्याचा मला नुकताच कंटाळा आलेला.

खरा घोटाळा मात्र सत्कारानं केला. पाहुणा दाराशी आला आणि शाल-नारळाविना परत गेला, तर आमच्याकडं त्याला पाहुणा म्हणत नाहीत, वसुलीवाला म्हणतात. आठ दुभाषी आले होते. आठही जणांना मंचावर बसवलं. खांद्यावर शाल, उजव्या हातात नारळ, डाव्या हातात गुच्छ. वर चहा आला, तेव्हा नारळ आणि गुच्छ एका हातात, कप दुसऱ्या हातात. मग सरपंचबाईंनी भाषण सुरू केलं.

समोर वीस बहिरी माणसं बसली होती. दाभोशाची, खोडाळ्याची, सूर्यमाळची. जीपच्या टपावर बसून आलेली. ती सगळी दुभाष्यांच्या हातांकडं बघत होती, आणि हातांत नारळ! एक दुभाषी बिचारा भुवयांनी काहीतरी सांगत होता. दुसरीनं गुच्छ दातांत धरला. पण चहाचं काय करणार?

सूर्यमाळची जानकी, गंगीची जिवाची मैत्रीण, तीही बहिरी. ती उठली, मंचावर चढली, आणि आंबे उतरवावेत तसे एकेकाच्या हातातले नारळ काढून ओच्यात भरायला लागली. सरपंचबाईंना वाटलं, प्रसाद वाटतेय. त्यांनी आपलाही दिला.

"बा!" सुमन माझ्या कानात ओरडली. "सगळ्यांचे हात बांधलेस की रे!"

"बांधले कुठं? नारळ दिला."

"तुझ्या तोंडात नारळ कोंबला तर बोलशील?"

तसं कुणी केलं असतं तर फार बरं झालं असतं. कारण दुपारी माझी पाळी आली.

दुपारी सराव होता. दुभाषी नसला तर दवाखान्यात काय होतं, ते करून दाखवायचं. एक दुभाषी डॉक्टर झाला. जानकी पेशंट. आणि सुमन म्हणाली, "बा, तू घरचा माणूस हो. आईबरोबर जसं करायचास, अगदी तसंच कर."

मी जानकीच्या शेजारी जाऊन बसलो.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टर झालेला पोरगा म्हणाला.

जानकीनं माझ्याकडं पाहिलं. नीट, डोळ्यांत पाहिलं. मग वाकली, आणि फरशीत बोटं खोचत खोचत मागं सरकली.

गंगीनं तिला सगळं सांगितलं होतं! बहिऱ्या बायका चुगल्या करत नाहीत, अशी माझी चाळीस वर्षं समजूत.

आणि माझं तोंड. त्याला सवय. ते माझ्याआधी बोललं, "चार दिवस झाले, साहेब."

एक दुभाषी म्हणाला, "काका, त्या तर शेतातलं काहीतरी दाखवतायत."

"हो, शेतात गेली होती. चार दिवसांपूर्वी."

सगळे हसले. मीही हसलो. सुमन हसली नाही. ती त्या हातांखाली वाढलेली पोर.

तिनं तोंडानं काही विचारलं नाही. हातांनी विचारलं, आईच्याच खुणांनी, त्यामुळं जानकी आणि मी, दोघांनाच कळलं. "आईच्या वेळी पण?"

मी मान हलवली. हो म्हणून.

सुमननं फळ्याकडं तोंड केलं. मग लिहिलं, 'घरच्या माणसाला दुभाषी करू नका.' सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी खुर्च्या सरळ करत बसलो. त्या आधीच सरळ होत्या.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. फोन करायची तो शेजाऱ्याला, "बानं बीपीची गोळी घेतली का, विचार." मग एक दिवस स्वतः आली. भात रांधला, वाढला, समोर बसली.

"आई गेली ती तुझ्या लाजेनं," ती म्हणाली.

"हो."

"मी माफ केलेलं नाही."

"बरं."

"खोडाळ्याला कार्यशाळा आहे. येशील?"

"मी? लोकांसमोर नाक कापून घ्यायला?"

"नाशिकहून नाटकात काम करणारा एक माणूस घेऊन बघितला मी. तुझं काम त्याला दिलं. पाचदा करून घेतलं." तिनं माझ्या ताटात डाळ ओतली. "जमत नाही त्याला. पेशंटनं डोळ्यांत पाहिलं, की तो खरं बोलून टाकतो."

मी गेलो खोडाळ्याला. शेवटी अनुभवी माणूस लागतोच!