सुनांच्या पदव्या गेल्या कुठे

"तुमच्या शेळगावच्या बायका पाच वर्षांत कमी शिकलेल्या कशा झाल्या?" आमच्या सुपरवायझर जाधव मॅडमनी फोनवर विचारलं. मी बारामतीच्या स्टँडवर होते. "हो मॅडम" म्हणाले.

"हो काय? ऑफिसला या."

मी घरोघर जाऊन सर्व्हे करते. घरात किती माणसं, वय किती, शिक्षण किती, हे टॅबवर भरायचं. ते पुण्याला जातं. तिथले सर त्यावरून प्रोजेक्शन काढतात, म्हणजे पुढचा अंदाज. वीस-तीस वर्षांनी देशातल्या किती तरुण बायका पदवीधर असतील, असा. त्यासाठी काही गावं ठरलेली आहेत आणि दर पाच वर्षांनी तीच घरं विचारतात. त्यावरून वसतिगृहं, कॉलेजच्या जागा यांचा विचार होतो, असं मॅडम सांगतात.

मॅडमनी स्क्रीनवर पदवीधर बायकांची एक रेघ दाखवली. "ही आपली बॅच. मागच्या वेळी या विशी-बाविशीच्या होत्या. आता पंचविशी-सत्ताविशीच्या. अशा रेघेला दोनच रस्ते. वर जाईल नाहीतर सरळ जाईल. खाली कशी येईल? मिळालेली पदवी कोणी परत देतं का?"

"मुली लग्न होऊन जातात ना मॅडम."

"आणि सुना येतात. तेही धरलंय. शिवाय काही घरांत तीच सून आहे, मागच्या वेळी पदवीधर आणि आता बारावी. दुसऱ्या गावात, कऱ्हाटीत, असं नाही. फक्त तुमच्या भागात आहे."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर विचारतायत, फॉर्म घरी बसून भरले का."

इथे एक सांगायला हवं. या कामाला बारावी पास लागते आणि मी आठवी आहे. माझं गाव नागपूरच्याही खूप पुढे. इकडे त्या सगळ्याला नागपूरच म्हणतात. आठवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला, वाट जंगलातली, म्हणून सुटली. नवऱ्याला इथे एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही आलो. मॅडमनी माझं अक्षर पाहिलं, चार घरं विचारायला लावली आणि पुण्याला कळवलं, "आठवी आहे, पण माझ्या जबाबदारीवर घेते." तेव्हा माझं चुकलं तर ते मॅडमचं चुकणार होतं. त्या दिवशी दुपारचा डबाही उघडला नाही, एवढं लिहिते.

"शनिवारपर्यंत परत जाऊन या," मॅडम म्हणाल्या. "मला कारण पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. वस्ती गावाबाहेर, ऊस आणि डाळिंबाच्या मधे. घराचं नाव लिहीत नाही, तो आमचा नियम आहे. ओसरीवर सासूबाई डाळिंबं निवडत होत्या.

"आल्या का नागपूरवाल्या? परवाच सांगितलं की समदं."

"मावशी, एकदा तपासायचं आहे. सूनबाईंचं शिक्षण?"

"बारावी. तवा बी तेच, आता बी तेच. चार दिसांत काय वाढतंय व्हय?"

सून चहा घेऊन आली. तेवढ्यात टॅब अडकला आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. मला चित्रं ओळखीची आहेत, त्याच्या पुढचं इंग्रजी वाचता येत नाही. मी दोनदा बोट लावलं.

सून कप ठेवता ठेवता वाकली. "ते बंद नका करू. नेट गेलंय, सर्व्हर लागत नाही म्हणतोय. आधी सेव्ह करा, नाहीतर सगळं जाईल." आणि तिने स्वतःच दोन ठिकाणी दाबून दिलं.

मी तिच्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्या डाळिंब फिरवत राहिल्या.

"मावशी, बारावीत हे शिकवतात?"

"बीएस्सी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "कम्प्युटरची."

"मग बारावी का सांगितलं?"

"आमचं पोरगं धावी हाय. लग्नातच ठरलंय, भाईरच्याला बारावी सांगायचं. तुमी भाईरच्याच न्हाय का?"

"मागच्या वेळी मग पदवी कशी लिहिली?"

"तवा आमच्या भावकीतली पोरगी आलती. तिनं इचारलं सुदिक न्हाय. लग्नात तीच करवली हुती, तिला समदं म्हाईत." त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. "लिव्हा काय ते. पर मोठ्यानं वाचू नका. त्यो तितंच हाय."

सून हसली. "त्यांना काय माहीत नाही का आत्या? शेवटच्या वर्षाच्या पेपरला तेच सोडायला यायचे, गाडीवर."

"त्याला म्हाईत हाय गं. गावाला नको."

मग कोडं सुटलं. आधीची बाई गावातली होती, तिने माहीत होतं ते लिहिलं. मी परकी, मला सांगितलं ते लिहिलं. आम्हा दोघींपैकी एकीनेही सुनेला विचारलं नव्हतं.

उरलेल्या घरांत मी आधी सांगितलं की गावात कुणाचं नाव येत नाही. मग सुनेलाच विचारलं, मोरीपाशी, गोठ्यात, जिथे सापडली तिथे. काही खरंच बारावी निघाल्या. एक बी.ए. निघाली, एकीचं एम.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू होतं. ते तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि शेजारी कुणालाच नाही.

तरी सरांना पटेना. "आता बदललेलं खरं कशावरून?" त्यांनी पुण्याहून दुसरी मुलगी पाठवली. तिने मला न सांगता तीच घरं केली. आठवडाभर मी फोन वाजला की दचकायचे. तिचे फॉर्म माझ्या नव्या फॉर्मशी जुळले. रेघ वर आली. फार नाही, पण खाली उतरायची थांबली. सरांनी मॅडमना फोन केला आणि म्हणाले, "त्या आठवीवाल्या बाईंना ठेवा."

फॉर्ममध्ये एक रकाना वाढला, 'उत्तर कोणी दिलं'. स्वतः की दुसऱ्याने. दुसऱ्याने दिलं असेल तर परत जायचं.

नवा फॉर्म चालतो का बघायला मॅडमनी आम्हा सगळ्यांना एकेक नमुना भरायला सांगितला, आपापल्याच नावाने. शेजारी बसलेली मुलगी एम.ए. होती आणि माझ्या टॅबमध्ये डोकावत होती. मी टॅब तिच्यापासून वळवला नाही.

शिक्षण: आठवी. उत्तर कोणी दिलं: स्वतः.